चुलीला ब्लोअर बसवायचा तर: हवा किती, कुठून आणि कशी द्यायची

नाशिकच्या चुलीवरच्या मिसळीपासून हायवेवरच्या ‘चुलीवरचं मटण’ लिहिलेल्या ढाब्यांपर्यंत लाकडाची भट्टी पुन्हा धंद्यात आली आहे. आश्रमशाळांची स्वयंपाकघरं, लग्नाचे आचारी, मठातले भंडारे यांच्याकडून तर ती कधी गेलीच नव्हती. या भट्ट्यांना आता विजेचा ब्लोअर लावलेला दिसतो, आणि तो लावण्याची पद्धत सगळीकडे साधारण एकच असते. लोहारकामाचा ब्लोअर आणायचा, त्याचा पाईप चुलीच्या तोंडातून थेट निखाऱ्यांवर सोडायचा आणि बटण दाबायचं. जाळ ढणाढणा उठतो, पाहणाऱ्याला वाटतं काम झालं. पण त्या जाळातला मोठा भाग टोपाच्या बाजूनं वर निघून जातो, राख रश्श्यात पडते, आणि आचारी दर दहा मिनिटांनी नवं लाकूड सारत राहतो.

लोहाराची गरज वेगळी आहे. त्याला लोखंडाचा एक तुकडा एका जागी लालबुंद करायचा असतो, म्हणून त्याचा भाता कोळशाच्या बुडाशी एकवटून हवा मारतो. स्वयंपाकाला रुंद बुडाच्या भांड्याखाली सारखी उष्णता लागते. शिवाय लोहार कोळसा जाळतो, आपण लाकूड. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग वायूच्या रूपानं बाहेर पडतो आणि निखारा होऊन उरतो तो थोडा. आपण ज्याला धूर म्हणतो तो म्हणजे हाच न जळलेला वायू, डांबराचे बारीक थेंब आणि काजळी. खालून जोरात हवा मारली की निखारे भडकतात आणि लाकडातून आणखी वायू सुटतो, पण तो वायू जाळायला वर हवाच नसते. म्हणून जाळ मोठा आणि धूरही मोठा, असं दृश्य दिसतं.

या लेखातलं सगळं काम एका गोष्टीसाठी आहे: ब्लोअरची बहुतेक हवा निखाऱ्यांखाली न देता जाळाच्या वरच्या भागात, भांड्याच्या थोडं खाली, चहूबाजूंनी बारीक भोकांतून द्यायची. खालून द्यायची ती अगदी थोडी, आणि तीही वेगळ्या व्हॉल्व्हनं.

ही कल्पना नवी नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ नावाची शेगडी २००६ नंतर महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पोहोचली होती. तिच्यात चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता आणि हवा खालून-वरून अशी विभागून जायची. शेगडी उत्तम जळायची, पण तिला शेतातल्या काडीकचऱ्यापासून दाबून बनवलेल्या खास गोळ्याच लागायच्या. आपण इथे तीच विभागणी साध्या लाकडावर चालणाऱ्या विटा-मातीच्या भट्टीत करणार आहोत.

आधी पाहा, ब्लोअर हवा आहे का

धुराचं कारण ओलं लाकूड असेल तर ब्लोअरनं ते बरं होत नाही. लाकडाचा एक तुकडा किचनच्या काट्यावर तोला, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, परत तोला. वजन चांगलंच उतरलं तर तुमचं सरपण ओलं आहे आणि पहिला खर्च त्याच्यावर छप्पर घालण्याचा करा. ओल्या लाकडातलं पाणी उडवण्यातच जाळ खर्ची पडतो, आणि ब्लोअर त्यात गार हवा घालून आग आणखी मंदावतो.

धुरांडं तुंबलेलं किंवा आखूड असेल तर आधी ते सुधारा. ब्लोअर लावल्यावर भट्टीच्या आत हवेचा दाब किंचित वाढतो. वरून निघायला वाट नसेल तर हाच दाब धूर आणि जाळ पुढच्या तोंडातून आचाऱ्याच्या अंगावर आणतो. चांगल्या ब्लोअरच्या भट्टीत धूर डोळ्यांना जवळपास दिसत नाही, तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि त्याला ना रंग ना वास. त्यामुळे धुरांडं आणि उघडी खिडकी या दोन्ही गोष्टी ब्लोअरनंतरही लागतात. बंद खोलीत ही भट्टी पेटवू नका.

लाकूड कोरडं आहे, धुरांडं ओढतंय, आणि तरी जाळ हवा तसा वरखाली करता येत नाही, सुरुवातीला फार धूर होतो, मोठा टोप तापायला वेळ लागतो, अशी अडचण असेल तर ब्लोअर नक्की उपयोगाचा आहे.

हवेचा हिशोब

हा हिशोब कुणी करत नाही, म्हणूनच इतके अवाढव्य ब्लोअर विकले जातात. एक किलो कोरडं लाकूड पूर्ण जळायला साधारण ६ किलो हवा लागते. एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. म्हणजे तासाला २ किलो लाकूड जाळणाऱ्या भट्टीला १२ किलो, म्हणजेच १० घनमीटर हवा पुरते. प्रत्यक्षात हवा आणि वायू नीट मिसळत नाहीत, म्हणून दीडपट धरा: तासाला १५ घनमीटर. ब्लोअरच्या डब्यावर आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफूट असा असतो. १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर. आपली गरज निघाली सुमारे ९ सीएफएम.

एवढीशी हवा हाताच्या पंजाएवढा, १२ व्होल्टवर चालणारा छोटा ब्लोअरसुद्धा देतो. आणि तासाला २ किलो लाकूड म्हणजे काही थोडकी आग नव्हे. वाळलेल्या लाकडाच्या किलोत सुमारे १५,००० किलोज्यूल उष्णता धरली तर ही ८ किलोवॅटची भट्टी झाली. १५-२० लिटरच्या टोपाला ती पुरते. आचाऱ्याची मोठी भट्टी तासाला १० किलो खात असेल तर ४५ सीएफएम धरा. त्याहून मोठा ब्लोअर फक्त गुऱ्हाळाच्या चुलवाणाएवढ्या कामाला लागेल.

जास्तीची हवा फुकट नसते. ती गार आत येते, जाळातली उष्णता घेते आणि भांड्याला न भेटता धुरांड्यातून निघून जाते.

कोणता ब्लोअर घ्यावा

गोगलगाईच्या शंखासारख्या घडणीचा, म्हणजे सेंट्रिफ्यूगल ब्लोअर घ्या. कॉम्प्युटरमधला चपटा पंखा मोकळ्या जागेत भरपूर हवा देतो, पण पाईप आणि बारीक भोकं पुढे आली की त्याचा जोर संपतो. पात्या फिरतात, हवा पुढे सरकत नाही.

घरगुती आणि छोट्या हॉटेलच्या भट्टीसाठी माझी पसंती १२ व्होल्ट डीसी ब्लोअरला आहे. स्वयंपाकघरातली फरशी ओली असते, हात ओले असतात, तिथे २३० व्होल्टची वायर भट्टीपाशी नेण्याची गरजच नको. सुमारे १ अँपिअर घेणारा, ९-१० सेंटिमीटरचा ब्लोअर पुरतो. शिवाय तो बॅटरीवर चालतो, आणि आपल्याकडे लोडशेडिंगची आठवण अजून ताजी आहे. ७ अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरायची म्हटली तरी तीन-साडेतीन तास निघतात. अडॅप्टर आणि बॅटरी नुसत्या एकमेकांना जोडू नका. मधे योग्य चार्जर किंवा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस हवा.

मोठ्या भट्टीसाठी २३० व्होल्टचा ब्लोअर घ्यावाच लागतो. अशा मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावण्याआधी विचारा. काही मोटरी त्यावर गुरगुरतात आणि तापतात. त्यापेक्षा मोटर पूर्ण वेगानं चालू ठेवून तिच्या हवा ओढण्याच्या तोंडावर सरकती पत्र्याची झडप लावा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरची हवा अडवली की मोटरवरचा भार कमी होतो, वाढत नाही, त्यामुळे झडप अर्धी लावली तरी मोटर जळत नाही.

सामान

खाली दिलेली मापं तासाला २ किलो लाकडाच्या, आतून २५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल भट्टीसाठी आहेत.

ब्लोअर, त्याला साजेसा १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर किंवा बॅटरी, डीसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, ३ अँपिअरचा फ्यूज, स्विच. रिंगसाठी १ इंची काळा एमएस (माइल्ड स्टील) पाईप, पुरवठ्यासाठी दीड इंची एमएस पाईप सुमारे दीड मीटर, दोन टी, दोन व्हॉल्व्ह (एक दीड इंची, एक अर्धा इंची), एक प्लग. ब्लोअर आणि पाईप जोडायला एक वीत लांबीचा रबरी होज आणि क्लिपा. बिडाची जाळी. फायर ब्रिक, फायर क्ले. बाहेरून लिंपायला वारुळाची किंवा चिकण माती, शेण, भाताचं तूस.

पाईप जीआय घेऊ नका. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंश सेल्सियसला वितळतं, आणि जाळाजवळ किंवा वेल्डिंग करताना त्याचा धूर नाकात गेला की थंडी वाजून ताप भरतो. पीव्हीसी तर विचारातही घेऊ नका. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जळला तर विषारी वायू सोडतो. साधं सिमेंटही थेट जाळापुढे टिकत नाही, तडकून सुटतं.

हवेची रिंग

सगळ्या कामाचं यश या रिंगवर आहे, त्यामुळे इथे घाई नको.

१ इंची पाईप फॅब्रिकेटरकडून गोल वाकवून घ्या, आतला व्यास २५ सेंटिमीटर. टोकं वेल्ड करून बंद करा. बाहेरच्या बाजूनं दीड इंची पुरवठ्याचा पाईप येऊन मिळेल असा सांधा करा. आतल्या बाजूला ५ मिलिमीटरची २० भोकं सारख्या अंतरावर पाडा, म्हणजे दर ४ सेंटिमीटरला एक. ड्रिल किंचित खाली झुकवून धरा, साधारण १०-१५ अंश, म्हणजे हवेच्या धारा जाळाच्या पोटात उतरतील आणि थेट भांड्याच्या बुडाला जाऊन ते गार करणार नाहीत.

भोकं वीसच का? त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ३९० चौरस मिलिमीटर होतं. रिंगच्या पाईपचं आतलं क्षेत्रफळ साडेपाचशेच्या पुढे आहे. पाईप भोकांच्या बेरजेपेक्षा मोठा असला की सगळ्या भोकांतून जवळपास सारखी हवा येते. उलट झालं, म्हणजे भोकं फार आणि पाईप लहान, तर पुरवठ्याजवळच्या भोकांतून सोसाट्यानं हवा येते आणि समोरच्या बाजूची भोकं मुकी राहतात. मग टोपाच्या एका बाजूला भाजी लागते. आपल्या मापात रिंगला तासाला १० घनमीटर हवा दिली तर प्रत्येक धार सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगानं निघते. मध्यापर्यंत पोहोचायला आणि वायूत मिसळायला तेवढा वेग पुरतो.

मोठ्या भट्टीला भोकांचा आकार वाढवत बसू नका, त्यांची संख्या वाढवा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पुढे गेलात तर मात्र धारा मध्यापर्यंत पोहोचत नाहीत, तिथे ६-७ मिलिमीटरची भोकं घ्या आणि पाईपही त्या हिशोबानं मोठा करा.

भट्टी बांधणं

जुनी भट्टी असेल तर तिचं वरचं एक-दोन थर उतरवा. खालून वर असा क्रम लागला पाहिजे: राखेची जागा १०-१२ सेंटिमीटर, तिच्यावर बिडाची जाळी, जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत २५ ते २८ सेंटिमीटर, आणि रिंग भांड्याच्या बुडाखाली ६ ते ८ सेंटिमीटरवर. रिंग फार वर बसवली तर वायू जळायला जागाच उरत नाही, जाळ थेट टोपाला आपटून विझतो आणि काजळी धरतो. फार खाली बसवली तर ती निखाऱ्यांत जाते आणि काही महिन्यांत खपली धरून संपते.

रिंग उघडी ठेवू नका. फायर ब्रिकच्या थरात खाच करून तिला बसवा आणि फायर क्लेनं लिंपून फक्त भोकांची बाजू आत उघडी राहू द्या. लिंपताना प्रत्येक भोकात ५ मिलिमीटरची सळईची कांडी किंवा आगकाडी खोचून ठेवा, ओली माती आत जात नाही. लाकूड सारायचं तोंड जाळीच्या पातळीला, साधारण १२ बाय १२ सेंटिमीटर. त्याला पत्र्याची एक सरकती झाकणी करा.

आता दुसरी वाट. पुरवठ्याच्या दीड इंची पाईपवर, भट्टीच्या अलीकडे टी बसवा. सरळ वाट मुख्य व्हॉल्व्हमधून रिंगला. खालची वाट अर्धा इंची व्हॉल्व्हमधून राखेच्या खणात. ही खालची हवा पेटवण घालताना आणि निखारे मंदावले तरच लागते. एरवी राखेच्या दारातून स्वतःहून येणारी हवा पुरते.

बाहेरून माती, शेण आणि तुसाचा जाड गिलावा द्या. लिंपण सावलीत वाळू द्या, मग दोन-तीन दिवस नुसत्या काटक्यांचा हलका जाळ करून आतलं पाणी उडवा. घाईत मोठा जाळ केला तर भेगा पडतात, आणि ब्लोअरच्या दाबानं प्रत्येक भेगेतून धूर येतो.

ब्लोअरची जागा आणि जोडणी

ब्लोअर भट्टीपासून किमान एक मीटर लांब, बाजूला ठेवा. समोर नको, तिथे आचारी उभा असतो आणि लाकडं पडलेली असतात. जमिनीपासून १५-२० सेंटिमीटर उंच छोट्या ओट्यावर किंवा भिंतीच्या ब्रॅकेटवर बसवा, म्हणजे फरशी धुताना पाणी जाणार नाही. पण रिंगच्या पातळीपेक्षा तो खालीच हवा. पाईप ब्लोअरकडून भट्टीकडे चढता ठेवला की ब्लोअर बंद असताना गरम वायू खाली उतरून त्याच्यापर्यंत सहसा येत नाही. सगळ्यात खालच्या बिंदूला टी लावून प्लग मारा. पाईपात जमलेलं पाणी आणि डांबर तिथून महिन्यातून एकदा काढता येतं.

ब्लोअर आणि लोखंडी पाईप यांच्यामध्ये रबरी होज घाला. पाईपची उष्णता आणि मोटरची थरथर दोन्ही तिथेच थांबतात. हवा ओढायच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी लावा, नाहीतर पिठाची भुकटी, कोळिष्टकं आणि झुरळंही आत जातात.

वायरिंग १२ व्होल्टचं असलं तरी निष्काळजीपणा नको. अडॅप्टर भट्टीच्या वाफेपासून दूर, भिंतीवर उंचावर. त्यातून लाल वायर आधी फ्यूजला, मग स्विचला, मग कंट्रोलरला, तिथून ब्लोअरला. काळी वायर थेट कंट्रोलरला. उलटी जोडणी केली तर कंट्रोलर जळू शकतो. वायर १ चौरस मिलिमीटरची घ्या आणि उंदरांपासून वाचवायला पत्र्याच्या किंवा जाड कंड्युटमधून न्या.

२३० व्होल्टचा ब्लोअर असेल तर हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. ब्लोअरच्या लोखंडी अंगाला अर्थिंग, तीन पिनांचा प्लग, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा स्विच. अर्थिंग नसलेल्या जुन्या वाड्यात किंवा शेडमध्ये आधी अर्थिंगचा खड्डा करा, ब्लोअर नंतर.

पहिली चाचणी, आग न लावता

ब्लोअर चालू करा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक भोकापुढे धरा. सगळीकडे धूर सारख्या जोरानं लोटला गेला पाहिजे. एखादं भोक कमजोर वाटलं तर त्यात माती अडकली आहे. मग तीच उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून आणि गिलाव्याच्या भेगांवरून फिरवा. जिथे धूर हलतो तिथे गळती आहे, ती लिंपा.

पेटवणं आणि जाळ वाचणं

लाकूड मनगटापेक्षा जाड नसावं, ४-५ सेंटिमीटरच्या फाट्या उत्तम. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी यांच्या वाळलेल्या फाट्या चांगल्या चालतात. तुराट्या आणि पऱ्हाट्याही चालतात, पण त्या भरभर वायू सोडतात, म्हणून त्या थोड्या थोड्या सारायच्या. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड आणि जुन्या फर्निचरचे तुकडे अन्नाखाली जाळू नका.

पेटवण ब्लोअरशिवाय घाला. काटक्यांनी जाळ धरला की खालचा अर्धा इंची व्हॉल्व्ह थोडा उघडून ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर चालू करा. चार-पाच मिनिटांत निखाऱ्यांचा थर जमला की खालचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मुख्य व्हॉल्व्ह सावकाश उघडा. नेमक्या जागी आलात की जाळाचं रूप बदलतं. लांब, लवलवणाऱ्या पिवळ्या जिभा आखूड होतात आणि भोकांभोवती एक कडं धरून जळायला लागतात. धुरांड्यातून बाहेर पाहिलं तर धूर जवळपास दिसत नाही.

ठिणग्या आणि राखाडी वर उडत असेल तर हवा जास्त आहे. जाळ भोकांपासून सुटून मधेच फडफडत असेल तरी हवा जास्त. टोपाच्या बुडाला मखमली काजळी धरत असेल तर वरची हवा कमी आहे किंवा लाकूड एकदम फार सारलं आहे. निखारे काळवंडले आणि जाळ मरगळला तर खालचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडा. तोंडातून जाळ बाहेर येत असेल तर लगेच वेग कमी करा आणि धुरांडं तपासा.

आचाऱ्याला सवय लागते ती लाकूड एकदम भरण्याची. ब्लोअरच्या भट्टीत दोन-तीन फाट्या सारख्या अंतरानं सारत राहायचं. जाळ कमी-जास्त करायचा असेल तर लाकूड आणि हवा दोन्ही बदला. लाकूड तेवढंच ठेवून नुसती हवा वाढवली तर जाळ मोठा दिसतो, पदार्थ मात्र तितक्या लवकर होत नाही.

आणखी एक काम करून घ्या, फार स्वस्त आहे: टोपाभोवती पत्र्याचा घेर. टोपाच्या बाजूला १०-१५ मिलिमीटर फट सोडून निम्म्या उंचीपर्यंत पत्र्याचं कडं उभं करा. ब्लोअरमुळे गरम वायू वेगानं निघतात. घेर नसेल तर ते बुडाला स्पर्शून बाहेर पळतात, घेर असला की टोपाच्या बाजूंनाही घासत वर जातात. लाकडाची बचत पाहायची असेल तर ब्लोअरच्या बरोबरीनं याला महत्त्व आहे.

फरक मोजा

मोजल्याशिवाय बचत झाली असं म्हणू नका. टोपात १० लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, लाकूड तोलून घ्या, पाणी ९५ अंशांपर्यंत आणा. शेवटी उरलेलं लाकूड आणि निखारे तोलून वजा करा. पाण्याचे लिटर गुणिले वाढलेले अंश गुणिले ४.१८, त्याला जळलेल्या लाकडाच्या किलो गुणिले १५,००० नं भागा, शंभरनं गुणा. १० लिटर पाणी ७० अंशांनी तापवायला १ किलो लाकूड लागलं तर उत्तर येतं साडेएकोणीस टक्के. निखाऱ्यात लाकडापेक्षा किलोमागे जास्त उष्णता असते, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे, पण आधी आणि नंतर यांची तुलना करायला पुरेसा आहे.

तीन दगडांच्या चुलीचा आकडा बहुधा १० ते १५ टक्क्यांत येतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १३१५२ या मानकानुसार नैसर्गिक हवेच्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला किमान ३५ टक्के कार्यक्षमता लागते. हाताने बांधलेल्या भट्टीनं ३५ गाठली नाही तरी निराश होऊ नका. तुमच्या जुन्या आकड्याशी तुलना करा. आकडा हललाच नसेल तर बहुतेक वेळा कारण ब्लोअर नसतो, टोपाभोवतीची फट किंवा लाकडातली ओल असते.

वीज गेली तर

हा भाग भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगा, आणि भिंतीवर लिहूनही ठेवा.

हवा थांबली तरी निखाऱ्यावरचं लाकूड वायू सोडतच राहतं. तो वायू पाईपात शिरतो. मग वीज येते, ब्लोअर आपोआप सुरू होतो, पाईपातला वायू आणि ताजी हवा यांचं मिश्रण निखाऱ्यांपर्यंत जातं आणि धाडकन भडका उडतो. लोहारांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून वीज गेली की दोन गोष्टी लगेच: मुख्य आणि खालचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि ब्लोअरचा स्विच बंद. तोंडाची झाकणी उघडी ठेवा, म्हणजे भट्टी नैसर्गिक हवेवर जळत राहते.

वीज आली की रबरी होजची क्लिप सैल करून होज लोखंडी पाईपापासून सोडवा, तोंड मोकळ्या बाजूला धरा, ब्लोअर काही सेकंद चालवून आतला वायू बाहेर घालवा. मग बंद करून होज परत जोडा, ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर सुरू करा आणि मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. या वेळी चेहरा भट्टीच्या तोंडापुढे नको. बॅटरी किंवा मिनी यूपीएस असेल तर हा सगळा खटाटोप बराच टळतो, आणि मी बॅटरीचा आग्रह धरतो त्याचं मोठं कारण हेच आहे.

काम संपल्यावरही ब्लोअर लगेच बंद करू नका. लाकूड सारणं थांबवा, वरचा जाळ विझून नुसते निखारे उरेपर्यंत तो कमी वेगावर चालू राहू द्या, मग व्हॉल्व्ह लावून बंद करा. आतली छोटी पाती प्लास्टिकची असते, उलट्या आलेल्या गरम हवेनं ती वाकते.

पदर, ओढणी, सैल बाह्या भट्टीपाशी आधीही धोक्याच्या होत्या. ब्लोअरमुळे ठिणगी लांब जाते, म्हणून सरपणाचा ढीग दोन मीटर तरी दूर ठेवा. पाण्याची बादली आणि वाळूची बादली दोन्ही हाताशी ठेवा. वायरिंगला आग लागली तर पाणी वापरायचं नाही, आधी मेन बंद करायचा आणि वाळू टाकायची.

देखभाल

रोज राख काढा. खण भरला की जाळीखालून हवा येत नाही आणि जाळी तापून वाकते. आठवड्यातून एकदा भट्टी गार असताना ४ मिलिमीटरची तार प्रत्येक भोकातून फिरवा. ब्लोअरच्या तोंडाची जाळी ब्रशनं झटका. महिन्यातून एकदा खालचा प्लग उघडून डांबर काढा आणि होज पिळून पाहा, कडक झाला असेल तर बदला. पावसाळ्यात भट्टी काही दिवस बंद राहणार असेल तर ब्लोअर सोडवून कोरड्या जागी ठेवा.

रिंगची भोकं वापरानं मोठी होत जातात. ६.५-७ मिलिमीटरचा ड्रिल बिट सहज आत जायला लागला की धारांचा जोर गेलेला असतो, आणि वेग वाढवूनही धूर दिसायला लागतो. तेव्हा ब्लोअर बदलण्याऐवजी रिंग बदला. ती विटांच्या खाचेत फायर क्लेनं बसवलेली असल्यामुळे वरचा एक थर उतरवला की निघते. नवी रिंग आधीच वाकवून, भोकं पाडून तयार ठेवली असेल तर भट्टी फार दिवस बंद ठेवावी लागत नाही.